दुखण्यातून उठलेली घोडी

जेऊर हे करमाळे तालुक्यातले रेल्वे स्टेशन. पुण्याहून सोलापूरला जाताना लागते. या भीमेकाठच्या मुलखातली भीमथडीची घोडी पूर्वी फार नावाजलेली. अंगाने लहान, पण काटक. आजही धनगर मेंढ्या घेऊन निघाले, की बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर असते. भांडी, वाकळा, कोंबड्या, आणि कधी वर बसवलेले लहान मूलसुद्धा! तेव्हा घोडीचा माणसावर विश्वास आहे की नाही, ही गोष्ट काही लहान नाही.

घोड्याला सर्रा नावाचा रोग होतो. आजारी जनावराला चावलेली गोमाशी दुसऱ्याला चावली, की जंतू त्याच्या रक्तात जातात. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. जनावर खाते, तरी वाळत जाते. पायांना, पोटाखाली सूज चढते. यावर औषध आहे. डॉक्टर कातडीखाली सुई टोचतात. घोडी वाचते, पण टोचल्या जागी कधी कधी गाठ येते आणि ती ठणकते. मग मानेकडे हात नेला, की घोडी कान मागे पाडते, लाथ झाडते. मालक म्हणतो, "घोडी बिघडली. अकलूजच्या बाजारात नेऊन विकून टाकू."

अहो, ती बिघडली नाही, ती भ्याली आहे. माणूस आला म्हणजे दुखते, एवढेच तिच्या ध्यानात राहिले. औषध कशासाठी होते, हे तिला कोण सांगणार? त्यात चाबूक उगारलात, तर तिचीच समजूत खरी ठरते.

म्हणून डॉक्टर 'आता हरकत नाही' म्हणेपर्यंत खोगीर नको, ओझे नको. नंतरही आधी जमिनीवर उभे राहूनच काम करायचे. रोज पाव तास पुरे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. कपाळाच्या अगदी पुढचे आणि शेपटीच्या अगदी मागचे त्याला दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा. दोन हातांवर थांबा. तिला हुंगू द्या. हात लावायचा तो आधी खांद्यावर, दुखऱ्या मानेवर नव्हे. आणि ती अंग चोरायच्या आधीच हात काढून घ्या. खरी खुबी इथेच आहे. उगी उभे राहिले की हात निघून जातो, हे तिला कळते. उद्या हात बोटभर पुढे न्या. तिने मान खाली सोडली, ओठ चाटले, तर समजा, भीती उतरते आहे. मग हलका खरारा करा. हरभरा पाटीत घाला; हातावर चारला तर चावायची खोड लागते.

पुढे बागदोर सैल धरून चार पावले चालवा, थांबवा, दोन पावले मागे सरकवा. थांबली की दोर लगेच ढिला सोडा. मग मऊ जमिनीवर मोठ्या रिंगणात फिरवा. जुने लोक याला कावा म्हणत. दोन्ही अंगांनी फिरवायचे, पण थोडेच. रोगाने रक्त कमी झालेले असते, दम लवकर लागतो.

कुणाला पंधरा दिवस लागतील, कुणाला दोन महिने. मग पाठीवर रिकामे पोते टाका. ते चालले तर दोन्ही बाजूंना सारखे, हलके ओझे. मग खडखडणारी भांडी. मूल बसवायचे ते सगळ्यांत शेवटी, आणि तेव्हाही दोर मोठ्या माणसाच्या हातात हवा.