कागदावरच्या बारीक खुणेतून सापडला तारा

आकाशातले सगळेच तारे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. काही रेडिओ लहरींवरून ओळखावे लागतात. पल्सार, म्हणजे स्पंदक, हा त्यातलाच. प्रचंड ताऱ्याचा शेवटी स्फोट होतो आणि मागे जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर रुंदीचा गोळा उरतो. तो गरगर फिरतो. दीपस्तंभाच्या झोतासारखा त्याच्या लहरींचा झोत पृथ्वीवरून गेला की एक ठोका नोंदला जातो.

पहिला ठोका ओळखला जोसेलिन बेल या विद्यार्थिनीने. उत्तर आयर्लंडची ही मुलगी वयाच्या अकराव्या वर्षी शाळेच्या निवड परीक्षेत नापास झाली होती. पुढे केंब्रिजला तिने स्वतः घण मारून, तारा ओढून रेडिओ दुर्बीण उभारायला हात लावला. दुर्बीण रोज सुमारे शंभर फूट कागदावर रेघा काढी. १९६७ साली त्यात तिला एक बारीक, वेगळी खूण दिसली. आम्ही कारकून मंडळी जाणतो, एक आकडा जुळला नाही तर जुनी रजिस्टरे उपसावी लागतात. तिनेही जुने कागद काढून ताडले. खूण आकाशाच्या त्याच भागातून येत होती. नोव्हेंबरात कागद जलद फिरवला, तेव्हा दर १.३३ सेकंदाला एक ठोका मिळाला!

१९७४ चे नोबेल मात्र तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूईश आणि मार्टिन राईल यांना मिळाले. तिचे नाव त्यात नव्हते.

आज हे काम संगणक करतो. अवकाशातून येताना कमी कंप्रतेच्या लहरी मागे पडतात. तो उशीर निरनिराळ्या अंदाजांनी वजा करून संगणक नियमित ठोका शोधतो. मग तीच जागा पुन्हा तपासतात. आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला प्रत्येकी ४५ मीटर रुंदीच्या ३० तबकड्यांची दुर्बीण आहे. तिने शोधलेला पहिला स्पंदक २००४ साली जाहीर झाला. तो सेकंदाला सुमारे २०० फेऱ्या मारतो!

जोसेलिनबाईंना २०१८ साली ३० लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. त्यांनी ती सगळी रक्कम भौतिकशास्त्रात ज्यांना फारशी जागा मिळालेली नाही, अशा समाजगटांतील विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकली. बंधू-भगिनींनो, एका परीक्षेत मूल मागे पडले म्हणून त्याचे शास्त्राचे पुस्तक मिटू नका.