शाळिग्रामाचा ठावठिकाणा

देवघरातील शाळिग्राम मराठी माणसास अपरिचित नाही. तो नेपाळातील गंडकीच्या पात्रातून येतो, हेही पुष्कळांस ठाऊक असते. त्यावरील चक्र म्हणजे फार प्राचीन काळी समुद्रात वावरणाऱ्या, आता नामशेष झालेल्या अमोनाइट या प्राण्याच्या शंखाचा ठसा होय. ज्या काळ्या, ठिसूळ शेल खडकातून हे गोटे सुटतात, त्याच जातीचा व त्याच काळातील खडक हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या खोऱ्यात विपुल आहे. तेथे त्याचे नावच स्पिती शेल. त्याचे वय सुमारे १६ ते १४ कोटी वर्षे. त्या काळी हिमालय नव्हता. भारतभूमीच्या उत्तरेस टेथिस समुद्र होता आणि त्याच्या तळाशी हा गाळ साचत होता.

अशा प्रदेशात भूवैज्ञानिक दिवसभर दगड गोळा करतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

स्पितीतील लांग्झा हे गाव सुमारे ४,४०० मीटर उंचीवर वसले आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने तीनपंचमांशाइतकाच. पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळू लागते, त्यामुळे कुकरावाचून डाळ शिजत नाही. तुकडी उजाडताच निघते, याचे कारण उत्साह नव्हे, ओढे होत. रात्रीच्या थंडीने बर्फाचे वितळणे मंदावते व पहाटे ओढा घोट्याएवढा असतो. ऊन चढले की दुपारनंतर तोच मांडीपर्यंत येतो. तेव्हा कामाचे तास आधीच मोजून मिळालेले असतात. सामान थोडकेच: हातोडा, होकायंत्र, थराचा कल मोजण्याचे साधन, भिंग, फीत, सौम्य आम्लाची कुपी आणि वही. आम्लाचा थेंब टाकताच फसफसला तर तो बहुधा चुनखडक. कोकणात झाडी आणि जांभा दगड यांनी डोंगराचे अंग झाकलेले असते. येथे पर्जन्यछायेमुळे डोंगर उघडा पडलेला आहे.

उतारावर अमोनाइटाचे गोटे सुटे पडलेले दिसतात. वर्षानुवर्षे पर्यटकांनी गावकऱ्यांकडून ते विकत नेले आहेत. नवशिक्याचा हात त्यांच्याकडे प्रथम जातो. परंतु सुटा गोटा कोणत्या थरातून निखळला, हे कोण सांगणार? शेल मऊ असल्याने उतारावरून घसरतो. शिवाय दोन भूखंडांच्या टकरीत कठीण चुनखडकाच्या मोठ्या कमानी झाल्या, तर त्याच्या वरचा शेल कागदासारखा चुरगळला. एकच थर दोन-तीनदा वर येतो. सह्याद्रीत लाव्हारसाचे थर जवळजवळ आडवे आहेत. तेथे वरचा तो नवा, हा नियम सहसा चुकत नाही. स्पितीत तो सवयीने लावला तर घात होतो.

म्हणून तुकडी खालच्या चुनखडकापासून आरंभ करते आणि फीत धरून वर गिउमल वालुकाश्माच्या दिशेने सरकते. प्रत्येक थर किती जाड, कोणत्या दिशेस पसरलेला, किती अंशांनी कललेला, याची नोंद होते. कोठे अर्धा गोटा अजून थरात रुतलेला सापडला, की सारे थांबतात. हातोडा पडण्यापूर्वी स्थान लिहिले जाते, वरची बाजू बाणाने दाखविली जाते, क्रमांक घातला जातो. एका गोट्यापायी तास सहज जातो. अमोनाइटाच्या जाती भूशास्त्रीय हिशेबाने अल्पायुषी. म्हणूनच जात ओळखली की थराचा काळ ओळखता येतो. मात्र थर माहीत हवा.

या चिकाटीमागे इतिहास आहे. मोरेव्हियात जन्मलेला फर्डिनांड स्टोलिच्का भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडून १८६४ मध्ये येथे आला व त्याने खडकांना मूथ, कुलिंग, लिलांग, गिउमल, चिक्किम अशी गावांची नावे दिली. १८७४ मध्ये यार्कंदहून परतताना लडाखमधील मुर्गो येथे उंचीच्या विकाराने तो मरण पावला. वय अवघे ३६. पुढे १९०३ ते १९१० या काळात उलिगने स्पिती शेलमधील जीवाश्मांचे भव्य वर्णन प्रसिद्ध केले. त्यातील चित्रे आजही उपयोगी पडतात, पण पुष्कळ नमुने नेमके कोणत्या थरातील, याची नोंदच नव्हती. नंतरच्या अभ्यासकांना पुन्हा त्याच उतारांवर चढावे लागले.

दुपारी तीनच्या सुमारास वारा सुटतो. वालुकाश्माचा पायथा दहा मीटरांवर दिसत असतो, आणि शेल नेमका कोठे संपतो हे त्या दहा मीटरांतच ठरायचे असते. खाली ओढ्याचा आवाज वाढलेला असतो. तुकडीचा प्रमुख फीत गुंडाळावयास सांगतो. तरुण सहकाऱ्यास ते जिवावर येते. जाडी नजरेने ठरविता येईल, असे तो सुचवूनही पाहतो. रात्री तंबूत पेन्सिलीच्या नोंदी शाईने पक्क्या केल्या जातात, पिशव्यांचे क्रमांक वहीशी ताडले जातात. त्या दहा मीटरांची जागा कोरी ठेवलेली असते. पहाटे ओढा उतरला की तुकडी प्रथम तेथेच जाणार असते.