आधी शिकवाव्यात अशा दोन गोष्टी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा थांबल्या. विंडोज ११ला टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी संगणक एकाएकी कालबाह्य ठरले. अशा यंत्रांवर लिनक्स आणि हलका डेस्कटॉप घालणे हा खात्रीचा उपाय आहे. ऑलिव्हिए फुर्दां यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला एक्सएफसीई किंवा तैवानमध्ये २००६ साली सुरू झालेला एलएक्सडीई कमी मेमरीतही नीट चालतो. पावससारख्या गावात खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. संगणक अडला की जाणकार शोधायला बहुधा वीसएक किलोमीटरवरची रत्नागिरी गाठावी लागते. म्हणून हलका डेस्कटॉप वापरणाऱ्याला सर्वांत आधी दोन गोष्टी शिकवाव्यात, असे माझे ठाम मत आहे: स्क्रीनशॉट घेणे आणि कन्सोल बदलणे.

बिघाड फोनवर सांगताना ‘काहीतरी इंग्रजीत येतंय’ यापलीकडे फारसे पोचत नाही. स्क्रीनशॉटमध्ये तो संदेश शब्दशः टिकतो. मराठीत काम करणाऱ्याला तर त्याची गरज अधिक. जोडाक्षर फुटले किंवा वेलांटी भलतीकडे गेली, तर तो मजकूर कॉपी करून पाठवल्यावर समोरच्याच्या यंत्रावर बहुधा शुद्धच दिसतो. कारण दोष अक्षरांच्या संकेतांत नसतो, ती रेखाटणाऱ्या फॉन्टमध्ये किंवा प्रोग्राममध्ये असतो. तो दाखवायला चित्रच हवे. एक्सएफसीईच्या स्क्रीनशॉट साधनात पूर्ण पडदा, चालू खिडकी किंवा निवडलेला भाग यांतून निवड करता येते. एलएक्सडीईत अनेकदा ‘स्क्रॉट’सारखी छोटी आज्ञा प्रिंट स्क्रीनच्या कळीला जोडून द्यावी लागते. हे काम लिनक्स बसवणाऱ्यानेच करून द्यावे.

पडदा गोठला तर स्क्रीनशॉटचा उपयोग नाही. तिथे कन्सोल, म्हणजे चित्रांशिवायचा केवळ मजकुराचा पडदा, लागतो. डेस्कटॉप थिजला तरी त्याखालचे लिनक्स बहुतेक वेळा चालूच असते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबले (काही लॅपटॉपवर एफएन कळही लागते) की काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड विचारला जातो. आत गेल्यावर ‘टॉप’ ही आज्ञा कोणता प्रोग्राम यंत्र अडवतो आहे ते दाखवते. तेवढाच बंद करून कंट्रोल, ऑल्ट आणि एफ७ने, नव्या प्रणालींत एफ१ किंवा एफ२ने, परत येता येते. पॉवरचे बटण दाबून धरले तर उघड्या असलेल्या प्रत्येक फाइलमधले जतन न केलेले काम जाते. कन्सोलच्या मार्गाने सहसा अडलेल्या एकाच प्रोग्रामचे जाते.

इथे मराठी वापरकर्त्याने एक मर्यादा ओळखून ठेवावी. लिनक्सचा मूळ कन्सोल एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती हाताळतो आणि जोडाक्षरे जुळवत नाही. देवनागरी फाइलनावे तिथे चौकोन होऊन दिसतात, म्हणून वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड रोमन लिपीतच ठेवावेत.

मोबाइलने पडद्याचा फोटो काढता येत असताना हे कशाला, असे कोणी विचारेल. कन्सोलपुरता तो फोटो योग्यच आहे, कारण डेस्कटॉपचे साधन तिथे पोचत नाही. एरवी लकाकी आणि पट्ट्यांमुळे बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. दुसरा आक्षेप असा की आज्ञांची सामान्य माणसाला भीती वाटते. पण लागतात त्या दोन-तीनच; त्या कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवल्या की पुरे. तिसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो रास्त आहे. बँकेचा तपशील, ओटीपी, आधार क्रमांक दिसत असेल तर पूर्ण पडदा पाठवू नये, हवा तेवढाच भाग निवडावा. सातबाऱ्याचा स्क्रीनशॉट हा डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्याला पर्याय नाही, हेही लक्षात ठेवावे.

घरातला जुना संगणक कुणाकडून लिनक्सवर नेणार असाल, तर तो ताब्यात घेण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी लिनक्स बसवणाऱ्यासमोर स्वतःच्या हाताने करून पाहा.