गावी गेल्यावर थांबणारी पायांची चुळबुळ

रात्री अंथरुणाला पाठ टेकताच पिंडऱ्यांत काहीतरी सरपटल्यासारखे वाटणे, पाय हलवल्याशिवाय चैन न पडणे आणि चार पावले टाकली की तेवढ्यापुरता उतार पडणे, या विकाराला वैद्यकात ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ म्हणतात. स्वीडनचे कार्ल-आक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. मेंदूतील लोहाची कमतरता आणि हालचालींचे नियमन करणारे डोपामिन हे रसायन यांच्याशी तो जोडलेला आहे.

गिरगाव-लालबागच्या चाळीत रात्री गॅलरीत येरझाऱ्या घालणारा चाकरमानी गणपतीला कोकणात गेल्यावर शांत झोपू शकतो, यात चमत्कार नाही. परळच्या कचेरीत दिवसभर खुर्चीला खिळलेले पाय गावच्या घाट्या चढतात, मन माणसांत गुंतते, आणि लक्षणांचा जोर संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत वाढून पहाटेकडे ओसरत असल्याने, भजन-फुगडीत तो काळ उभ्यानेच सरला की पाठ टेकते ती ओहोटीच्या वेळी. सर्दीची गुंगी आणणारी गोळी घरी राहिली असेल तर तोही लाभच, कारण अशा काही गोळ्या हा त्रास वाढवतात.

प्रवास स्वतः मात्र पायांना सोसत नाही. दादरहून मध्यरात्रीच्या सुमारास सुटणाऱ्या तुतारी एक्सप्रेसमध्ये खिडकीपेक्षा वाटेलगतची जागा बरी. परतल्यावर त्रास पुन्हा सुरू झाला तर, हिमोग्लोबिन ठीक असले तरी, शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन चाचणी उपयोगी ठरते. या विकारात फेरिटिन लिटरमागे ७५ मायक्रोग्रॅमपर्यंत असले तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात.