‘कृपेने’ आणि ‘विश्वासाने’ : विभक्तीचा एक प्रश्न

मनुष्याचे तारण त्याच्या पुण्यकर्मांनी होत नाही, ते ईश्वराच्या कृपेने होते. म्हणून त्याने स्वतःवर भिस्त न ठेवता त्या कृपेवर ठेवावी, हा ख्रिस्ती धर्मविचारातील एक मूलभूत सिद्धान्त होय. सिद्धान्त सोपा दिसतो, परंतु तो शब्दांत मांडू लागताच अडचण उभी राहते. ‘तारण विश्वासाने होते’ असे म्हटले, तर विश्वास ठेवणे ही पुन्हा मनुष्याचीच कृती ठरते. कर्मांना निरोप द्यावा आणि त्यांच्याच आसनावर ‘विश्वास’ नावाचे नवे कर्म येऊन बसावे, असा हा पेच आहे. (‘तारण’ या शब्दाचा मराठीत ‘कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू’ असाही अर्थ आहे. विश्वास हे कृपेच्या बदल्यात ठेवलेले तारण मानणे, हीच येथे टाळावयाची चूक होय!) या पेचाची उकल नव्या कराराच्या ग्रीक व्याकरणात कितपत सापडते, हे पाहण्यासारखे आहे.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील आठवे वचन घ्यावे. हे पत्र स्वतः पौलाचे की त्याच्या अनुयायांपैकी कोणाचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे. प्रस्तुत मुद्द्याला त्याने बाध येत नाही. या वचनात ‘खारिस’ म्हणजे कृपा हे नाम ग्रीक चतुर्थीत, करणार्थी योजिले आहे; ‘पिस्तिस’ म्हणजे विश्वास हे मात्र ‘दिआ’ या अव्ययाबरोबर षष्ठीत येते. कृपा ही तारणारी शक्ती, विश्वास ही ती पोहोचण्याची वाट, असा हा भेद आहे. मराठी ‘ने’ प्रत्ययाला हा भेद एकट्याने पेलत नाही. ‘रामाने मारले’, ‘काठीने मारले’, ‘रागाने मारले’ या तिन्ही ठिकाणी कर्ता, करण आणि हेतू यांना तोच प्रत्यय लागतो. म्हणून ‘कृपेने’ आणि ‘विश्वासाच्या द्वारे’ अशी दोन निराळी रूपे योजणे हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही.

याच वचनात पुढे ‘हे तुमच्यापासून नव्हे’ अशा अर्थाचे शब्द येतात. ‘हे’ म्हणजे काय? ‘खारिस’ आणि ‘पिस्तिस’ ही दोन्ही नामे स्त्रीलिंगी आहेत, पण सर्वनाम ‘तूतो’ नपुंसकलिंगी आहे. तेव्हा ते दोहोंपैकी एकाच नामाकडे बोट दाखवीत नसून तारणाच्या सगळ्या घटनेचा, तिच्यातील विश्वासासह, निर्देश करते, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. मराठीत तीन लिंगे असल्यामुळे ‘हे’ या सर्वनामाने ही खूण जशीच्या तशी राखता येते. हिंदीतील ‘यह’ला ते साधत नाही.

पौलाची योजना सर्वत्र इतकी काटेकोर नाही, हे मान्य केले पाहिजे. रोमकरांस पत्र, ३:२८ येथे विश्वासालाही केवळ चतुर्थीच लागली आहे. याच वचनाच्या जर्मन भाषांतरात मार्टिन ल्यूथरने १५२२ साली ‘केवळ’ या अर्थाचा, मुळात नसलेला शब्द घातला. आणि टीका होताच १५३० च्या पत्रात, एकाचा स्वीकार व दुसऱ्याचा निषेध सांगताना जर्मन बोलीला तो शब्द लागतोच, असे समर्थन केले. समर्थन भाषिक म्हणून ग्राह्य आहे, पण पुरेसे नाही. ‘केवळ विश्वासाने’ हा शब्दप्रयोग नव्या करारात एकदाच, याकोबाच्या पत्रात (२:२४) येतो, आणि तोही नकारासह! त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये ल्यूथरपक्षाचे सूत्र नाकारले. तथापि कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी मनुष्य नीतिमान ठरतो, हे मतही तिने तितक्याच स्पष्टपणे धिक्कारले. दोन्ही पक्षांनी या प्रश्नावरील संयुक्त निवेदनावर सह्या केल्या त्या १९९९ मध्ये, आउग्सबुर्ग येथे.

याहून खोल प्रश्न गलतीकरांस पत्र, २:१६ मधील षष्ठीचा आहे. तेथे ‘ख्रिस्ताचा पिस्तिस’ असे शब्द आहेत. ‘आईची माया’ येथील षष्ठी कर्त्याची, ‘आईची आठवण’ येथील बहुधा कर्माची. ख्रिस्तावर ठेवलेला विश्वास, की ख्रिस्ताची स्वतःची निष्ठा? रिचर्ड हेज यांच्या १९८३ च्या ग्रंथानंतर दुसऱ्या अर्थाची चर्चा विशेष वाढली. तो स्वीकारला, तर मनुष्याच्या विश्वासाआधी ख्रिस्ताची निष्ठा उभी राहते, आणि विश्वासाचे ‘कर्म’ होण्याची भीती बरीच ओसरते. ‘ख्रिस्तावरील विश्वास’ असे लिहिणारा मराठी भाषांतरकार या वादाचा निकाल ‘वरील’ या एका शब्दाने लावून मोकळा होतो. आणि आपण निकाल दिला, हे पुष्कळदा त्याच्या ध्यानीही येत नाही.