गोंगाट किती चालेल, हे नकाशा ठरवतो

मराठीत आवाजाला शब्दांची कमी नाही. कुजबुज, घरघर, खडखड, दणदणाट, कलकलाट, गोंगाट. यातल्या बऱ्याच शब्दांत ऐकणाऱ्याचं मतही मिसळलेलं असतं. ज्याच्या घरी माग चालतो त्याच्यासाठी ती खटखट म्हणजे रोजीरोटी. शेजारी परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यासाठी तीच कटकट. कायद्याला मात्र असं मोघम चालत नाही. त्याला आकडा लागतो. आणि गंमत म्हणजे हा आकडा यंत्र बघून ठरत नाही, जागा बघून ठरतो.

आपल्या देशात ध्वनिप्रदूषणाचे नियम फेब्रुवारी २००० मध्ये आले. त्यांनी परिसराचे चार प्रकार केले आणि प्रत्येकाला दिवसाची (सकाळी ६ ते रात्री १०) आणि रात्रीची मर्यादा घालून दिली:

औद्योगिक: दिवसा ७५, रात्री ७० डेसिबल
व्यापारी: दिवसा ६५, रात्री ५५
निवासी: दिवसा ५५, रात्री ४५
शांतता क्षेत्र: दिवसा ५०, रात्री ४०

रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र होऊ शकतो. पण सरकारने तसं जाहीर केलं असेल तरच. आणि हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. एखादा दणका बसला म्हणून लगेच मर्यादा मोडली असं होत नाही.

आता रात्रीचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. औद्योगिक ७०, निवासी ४५. फरक २५ चा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण डेसिबलचं गणित आपल्या बेरीज-वजाबाकीसारखं नसतं. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. उलट, सारख्याच आवाजाच्या चार यंत्रांपैकी दोन बंद केली, तरी फक्त ३ डेसिबल उतरतात. म्हणून "रात्री अर्धीच यंत्रं चालवतो" ही तडजोड कागदावर मोठी दिसते, शेजाऱ्याला मात्र फारसा फरक जाणवत नाही.

मग हे २५ डेसिबल कमी कसे करायचे? सगळ्यात साधा उपाय म्हणजे अंतर. मोकळ्या जागेत एका यंत्रापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. १० मीटरवर ७० असेल तर २० मीटरवर ६४, ४० वर ५८, ८० वर ५२, १६० वर ४६. म्हणजे ४५ च्या खाली यायला पावणेदोनशे मीटर तरी हवेत! झाडांची एखादी रांग लावून एवढं काम होत नाही. भक्कम भिंत, बंदिस्त शेड, यंत्राखाली रबराचे पॅड यांनी होतं. किंवा मधल्या पट्ट्यात गोदामं, ऑफिसं, पार्किंग ठेवून होतं. पण असा पट्टा आधीच राखून ठेवावा लागतो. घरं उभी राहिल्यावर तो कुठून आणणार?

म्हणूनच २००० च्या नियमांत एक कलम आहे, ज्याची चर्चा लाउडस्पीकरइतकी होत नाही. विकास प्राधिकरणं आणि स्थानिक संस्थांनी नगररचना करतानाच आवाजाचा विचार करायचा, असं ते सांगतं. आपल्या बेळगावात हे काम बुडाच्या मास्टर प्लॅनचं. त्या नकाशावर पिवळा म्हणजे निवासी, जांभळा म्हणजे औद्योगिक. या दोन रंगांची सीमा जिथे थेट भिडते, तिथे भांडणाची सोय झालीच म्हणून समजा.

बेळगावात याची दोन टोकं दिसतात. एक उद्यमबाग: फाउंड्री, मशीन शॉप, ग्राइंडिंग, कॉम्प्रेसर. ही वसाहत उद्योगांसाठीच, पण शहर वाढत वाढत तिच्या अंगाला लागलं. दुसरं टोक वडगाव, खासबाग, शहापूर. तिथे कारखाना वेगळा आणि घर वेगळं असं नाहीच. पुढे सोपा, आत यंत्रमाग. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज सहज ९० च्या वर जातो. माग थांबला की झोप मोडते, असं विणकरांच्या घरची मुलं सांगतात! अशा मिश्र वस्तीचं काय करायचं? नियम म्हणतो, तिला चारपैकी एका प्रकारात घाला. निवासी म्हटलं तर विणकराचा रोजगार अडचणीत, औद्योगिक म्हटलं तर त्याच्याच म्हाताऱ्या आईची झोप गेली. नुसत्या रंगाने हा प्रश्न सुटत नाही. माग बंदिस्त करायला, पॅड बसवायला मदत मिळाली, तर दोन्ही टिकतील.

"आधी कोण आलं?" हा प्रश्न अशा वादांत हमखास येतो. इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात २०१८ साली त्याचं स्पष्ट उत्तर आलं: चालू व्यवसायाच्या शेजारी जो नवी इमारत बांधेल, त्याने आवाजापासून संरक्षणाची सोयही करायची. मला हे न्याय्य वाटतं. उद्यमबागेला लागून फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरने जाड काचा आणि भिंतीचा खर्च उचलायला नको का? नाहीतर तो पैसे घेऊन निघून जातो आणि भांडत राहतात कामगार आणि भाडेकरू. कित्येकदा तर दोघं एकच असतात.

तक्रारीचा मार्ग आहे, पण अरुंद. साधारणपणे मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तरच जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. म्हणजे निवासी भागात रात्री ५५. रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला तर मात्र ही १० ची अट नाही. कारखान्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, तिच्या अटी मोडल्या तर तिकडेही जाता येतं.

पण खरी वेळ त्याच्या आधीची. मास्टर प्लॅनचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, मुदत संपते. आणि आपल्याला कळतं ते बुलडोझर आल्यावर. नोटीस बहुतेक कन्नडमधून असते. आपण शाळेत कन्नड शिकलोय, घरातल्या मोठ्यांना ती येतेच असं नाही. तेव्हा पुढची नोटीस निघेल तेव्हा ती गल्लीत मराठीतून वाचून दाखवा, नकाशावर आपलं घर शोधा आणि शेजारचा रंग कोणता ते बघा. हरकतीचा साधा अर्ज एका पानावर मावतो.