वेशीवरचा राखणदार काय विचारतो?

घरच्या संगणकावर पोरगा किंवा सूनबाई पीकविम्याचा अर्ज भरीत असते, आणि मध्येच पडद्यावर एक चौकट उघडते: अमक्या प्रोग्रॅमला फायरवॉलने अडवले आहे, परवानगी द्यायची काय? काम अर्धवट, वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. मग घाईघाईने ‘परवानगी द्या’ दाबून माणूस मोकळा होतो. मंडळी, इथेच जरा दम धरा.

बीड शहरात राजुरी वेस, माळीवेस ही नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत. वेशीवर अनोळखी माणसाला विचारपूस केल्याशिवाय आत सोडायचे नाही, हा जुना शिरस्ता. फायरवॉल ही संगणकाची वेस समजा. मात्र या गावाला दारे हजारोंनी, पार ६५,५३५ पर्यंत क्रमांक घातलेली! त्यांना पोर्ट म्हणतात. तुम्ही बँकेचे पान उघडता तेव्हा तुमचा संगणक बँकेच्या संगणकाच्या ४४३ क्रमांकाच्या दारावर जातो. तिथून येणारे उत्तर तुम्हीच मागवलेले, म्हणून फायरवॉल ते आत घेते. न बोलावता येणाऱ्याला ती अडवते.

चौकट येते ती तुमच्याच संगणकातला एखादा प्रोग्रॅम ‘माझ्याकडे बाहेरून कोणी येईल, दार उघडे राहू द्या’ असे म्हणतो तेव्हा. चौकटीत त्या प्रोग्रॅमचे नाव असते, बहुधा तो बनवणाऱ्या कंपनीचेही. ते वाचा. आत्ताच नवा प्रिंटर जोडला आणि नाव त्याचेच असेल, तर परवानगी द्या. पण खूण ‘खाजगी’ म्हणजे घरच्या जाळ्यापुरती करा. ‘सार्वजनिक’ म्हणजे बसस्थानक, हॉटेल, दुकान येथील वायफाय. तिथे दारे बंदच बरी. नाव ओळखीचे नसेल तर ‘रद्द करा’. त्याने संगणक बिघडत नाही, आणि परवानगी पुढे केव्हाही देता येते.

दार उघडे राहिले की काय होते? २०१७ सालच्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने जगभरचे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. ४४५ क्रमांकाच्या दारातून, विंडोजमधल्या एका भोकातून ते शिरत होते. ते भोक बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती! जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ आले. ते युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीतून घुसले, आणि आपल्याकडे उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम त्याने कोलमडून टाकले.

नॉटपेट्याची गोष्ट नीट पाहा. ते वेस फोडून आले नाही, पाहुणा म्हणून आले. विंडोजची फायरवॉल नेहमीच्या मांडणीत आत येणाऱ्याला हटकते, बाहेर जाणाऱ्याला हटकत नाही. म्हणून कोणी पेनड्राइव्हवर फुकटात दिलेला चोरीचा प्रोग्रॅम तुम्ही हाताने बसवला, तर तो तुमचा पासवर्ड बाहेर पाठवताना चौकट येईलच असे नाही. माझ्या मते घराघरांतला मोठा धोका हाच आहे.

बाहेर कोण जाते ते मात्र पाहता येते. विंडोजच्या शोधपट्टीत ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधा व ‘नेटवर्क’चे पान उघडा. कोणता प्रोग्रॅम किती माहिती पाठवतो, किती घेतो, ते तिथे दिसते. ब्राउझर, विंडोजची दुरुस्ती, अँटिव्हायरस ही नावे दिसली तर घाबरू नका. मोबाइलचा डेटा अनेकदा हेच खातात. सगळे बंद असताना एखादे अनोळखी नाव सारखे पाठवीत बसले असेल, तर इंटरनेट तोडा आणि जाणत्याला दाखवा. अँटिव्हायरस रोज ‘हल्ला अडवला’ म्हणत असेल, तर त्याचाही धसका नको. दारे चाचपडणारी यंत्रे जगभर रात्रंदिवस फिरत असतात. त्यांना तुमचे नाव-गाव ठाऊक नसते.

आणखी एक. ‘संगणकाला विषाणू लागला, या नंबरावर फोन करा’ असे भोंगा वाजवीत सांगणारे पान म्हणजे फायरवॉल नव्हे. खरी फायरवॉल फोन नंबर देत नाही. फोन न करता ब्राउझर बंद करा. पैसे गेलेच असतील, तर त्याच घटकेला १९३० वर तक्रार करा आणि बँकेला कळवा.